प्रभूचं काम एवढं की प्रभूसाठीच वेळ नाही: सिडकोतल्या एका ताईला उत्तर

सलाम. तुझा प्रश्न दोनदा वाचला, आणि तुला सरळ तू म्हणते, राग मानू नकोस, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची असशील. तुझं म्हणणं थोडक्यात असं की नाशिकला सिडकोत राहतेस, अंबडला कंपनीत अकाउंट्सला आहेस, मिस्टर सातपूरला तीन शिफ्टमध्ये, दोन पोरं शाळेत, सासूबाई घरात, आणि त्यावर संडे स्कूल, शनिवारची क्वायर प्रॅक्टिस, बुधवारची कॉटेज प्रार्थना, म्हणजे कोणाच्या तरी घरी जमून करायची, शिवाय यंदा चर्चच्या महिला मंडळाचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलंय. सगळं प्रभूचंच करतेय पण एकटी अशी प्रभूजवळ बसून महिने झाले. पहाटे चारचा अलार्म लावून पाहिला, चार दिवस टिकला, आता अलार्म दिसला तरी अपराधी वाटतं.

आधी तो चारचा अलार्म काढून टाक. आजच. रात्री अकराला ओटा आवरायचा, मिस्टर सेकंड शिफ्टला असले की साडेबाराला दार उघडायला उठायचं आणि परत चारला उठून बसायचं, याला कोणी अध्यात्म म्हणत असेल तर म्हणू दे, तिसऱ्या दिवशी तू पोरांवर ओरडायला लागतेस आणि ऑफिसात व्हाउचरची एंट्री चुकते एवढंच त्यातून निघतं. शिबिरात एखादे वक्ते येतात, मी पहाटे तीनला उठतो म्हणून सांगतात, सगळे आमेन म्हणतात, त्यांच्या घरी डबे कोण करतं हे कोणी विचारत नाही. बायबलमधलं स्तोत्र १२७ काढून दुसरं वचन बघ, पहाटे लवकर उठणं, रात्री उशिरापर्यंत बसणं, कष्टाची भाकर खाणं हे सगळं व्यर्थ आहे आणि देव आपल्या प्रियजनांना झोप देतो असं तिथे सरळ लिहिलंय. ज्याला पहाट जमते त्याने जरूर उठावं, आमचे हे पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, होते ते कायम पहाटेचेच, पण त्यांना दुपारी अर्धा तास आडवं व्हायला मिळायचं, तुला कुठे मिळतंय?

आता खरं सांगू का, तुझ्या प्रश्नातच उत्तर पडलंय. तू जी यादी दिलीस त्यात नोकरी, घर, पोरं हे काही कमी होणारं नाही, कमी होण्यासारखं जे आहे ते सगळं चर्चचं आहे आणि नेमकं त्यालाच आपण हात लावत नाही कारण ते पवित्र वाटतं. मी इतकी वर्षं बायकांचे प्रार्थनेचे गट घेतले, नाशिकरोडपासून गंगापूर रोडपर्यंत, आणि प्रार्थना सुटलेल्या बायका बहुतेक वेळा मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, सगळ्यात जास्त राबणाऱ्याच निघाल्या. घरी नुसत्या बसणाऱ्या बाईचं बायबल सहसा उघडं असतं. तीन कमिट्यांवर असलेल्या बाईचं पर्समध्ये असतं, रविवार ते रविवार, चेन बंद.

मार्कच्या शुभवर्तमानातलं १:३५ सगळे दाखवतात, प्रभू येशू उजाडायच्या आत उठला आणि एकांतात गेला, म्हणून तूही ऊठ. अगं पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं कोणी वाचत नाही. आदला दिवस शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा वार, कफर्णहूमचं सभास्थान, तिथे अशुद्ध आत्म्याने ओरडणारा माणूस, मग शिमोन या शिष्याची सासू तापाने पडलेली, आणि सूर्य मावळला तसं सगळं गाव दाराशी जमलं. म्हणजे तुझ्या रविवारसारखाच दिवस. दुसऱ्या दिवशी तो एकांतात असताना शिमोन आणि बाकीचे शोधत आले, सगळे तुला शोधतायत म्हणाले. तो काही चला येतो म्हणाला नाही. आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, मी त्यासाठीच निघालोय असं म्हणाला. कफर्णहूममधले आजारी संपले होते असं थोडंच आहे? पण कुठे जायचं आणि कुठे नाही हे त्याचं तिथे ठरलं होतं. आपण याच्या उलट करतो, आधी सगळ्यांना हो म्हणून ठेवतो आणि मग शक्ती दे म्हणून प्रार्थना करतो.

तर माझं स्पष्ट मत, सेक्रेटरीपद सोड. संडे स्कूल ठेव, पोरांसमोर गोष्ट सांगायची म्हणून का होईना तू वचन वाचतेस. क्वायरचं तुझं तू ठरव, गाताना तुला आत काही होत असेल तर ठेव, नुसतं आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या सुरात, माणूस कमी आहे म्हणून जात असशील तर नको. कॉटेज प्रार्थना एक बुधवार आड केली तरी कोणाचं अडत नाही. पण सेक्रेटरीपद म्हणजे मिटिंगची नोंद, वर्गणी, ग्रुपवर मेसेज, कोणाकडे चहा कोणाकडे चिवडा, त्यात परत कोणाला विचारलं नाही म्हणून रुसवा, आणि हे सगळे फोन येतात कधी तर रात्री नऊनंतर, म्हणजे दिवसातला तुझा जो काही उरलेला अर्धा तास असतो तो बरोब्बर तिथे जातो. पाळकसाहेबांकडे जाऊन बोल, फोनवर नको. कारण देत बसू नकोस, तब्येत बरी नाही वगैरे खोटं तर अजिबात नको. सरळ म्हण, साहेब माझी स्वतःची प्रार्थना बंद पडलीये, मला हे काम झेपत नाही, नाताळपर्यंत मी सांभाळते आणि पुढच्यासाठी हे एक नाव सुचवते. नाव घेऊनच जायचं, रिकाम्या हाताने गेलीस की परत येताना अजून एक काम घेऊन येशील, पाळकाच्या घरात राहिलेय म्हणून आतलं सांगते. प्रत्येक मंडळीत तीच सात-आठ घरं असतात, नाताळचा केक असो की कोणाचा अंत्यविधी, पहिला फोन त्यांनाच जातो, कारण ते नाही म्हणत नाहीत. पाळकाचा दोष नसतो त्यात फार, त्यांनाही काम कुठून तरी करून घ्यायचं असतं.

चार बायका बोलतील. विश्वासात थंड पडली, नोकरीचा गर्व आला, असलं काहीबाही. बोलू दे.

आता मोकळा झालेला वेळ. त्याला त्याच दिवशी कामाला लावलं नाही तर आठवड्यात दुसरं काहीतरी येऊन बसतं, म्हणून आधीच ठरव. तू दिवस लिहिलायस त्यात मला एक फट दिसते. सात दहाला पोरांची व्हॅन येते, तू गेटपर्यंत सोडायला जातेस आणि पावणेनऊला ॲक्टिव्हा काढतेस. गेटवरून वर आलीस की किचनमध्ये जायचंच नाही. तिथे पाऊल टाकलं की संपलं, आधी दूध दिसतं मग कणीक मग कालचं पातेलं. सरळ गॅलरीत जायचं, कपड्यांच्या दोरीखाली एक खुर्ची कायमची ठेवायची, आदल्या रात्री बायबल तिथे खिडकीत ठेवून झोपायचं. पंधरा मिनिटं, भिंतीवरच्या घड्याळाने. फोन आत चार्जिंगला, आणि मोबाईलवरचं बायबल या वेळेला नको म्हणजे नकोच, वचन उघडायला जातेस आणि वर शाळेच्या ग्रुपचा मेसेज सरकत येतो. लहान छापील बायबल घे, अक्षर बारीक वाटत असेल तर नुसतं स्तोत्रांचं आणि नव्या कराराचं मिळतं ते घे.

पण मिस्टरांची शिफ्ट फिरते हे तू लिहिलंयस आणि तिथेच बहुतेकांचं गाडं अडतं, एकच वेळ ठरवतात आणि दुसऱ्या आठवड्यात मोडते. तुझे आठवडे तीन प्रकारचे आहेत तर जागाही तीन कर. फर्स्ट शिफ्टचा आठवडा, ते आधीच गेलेले असतात, गॅलरी. सेकंडचा आठवडा, ते सकाळी झोपलेले असतात, घर शांत, गॅलरीच आणि हा तुझा सगळ्यात चांगला आठवडा. नाइटचा आठवडा, ते नेमके साडेसात-आठला थकून येतात, चहा नाश्ता लागतो, तेव्हा गॅलरीत बसायचा हट्ट करू नकोस, त्यांचं बघ, आणि कंपनीत पाव तास आधी पोच. सिडको ते अंबड तुला तसं जवळ पडतं, द्वारकेच्या चौकातल्या गर्दीतून जायचं असतं तर हे मी सांगितलंच नसतं. गाडी स्टँडला लावली की कँटीनच्या कोपऱ्यात नाहीतर तुझ्याच टेबलवर कॉम्प्युटर चालू करायच्या आधी बसायचं, डोळे मिटायची पण गरज नाही, कोणाला कळणार पण नाही. आमच्या मंडळीतले एक जण पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला अप-डाउन करायचे, त्यांचं ठरलेलं, नाशिकरोड ते इगतपुरी प्रार्थना, इगतपुरी गेलं की पेपर आणि पासवाल्यांच्या गप्पा. निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, आता घरी जमत नाही, इगतपुरीच येत नाही!

बसल्यावर करायचं काय हा खरा प्रश्न, आणि हे कोणी नीट शिकवत नाही. नुसतं प्रार्थना करा म्हणतात. मी नवीन सुरुवात करणाऱ्याला स्तोत्र १२० ते १३४ देते. पंधरा स्तोत्रं आहेत, वर आरोहणस्तोत्र असं लिहिलेलं असतं, यरुशलेमला सणाला चढून जाणारे यात्रेकरू ती वाटेत म्हणायचे असं मानतात. आपल्याकडे पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दिंड्या जातात ना, शहरातून अभंग म्हणत, तसंच काहीसं, चालता चालता म्हणायची गाणी. म्हणून ती लहान आहेत, १३२ वं सोडलं तर एकही नऊ वचनांच्या वर नाही. दमलेल्या माणसाला झेपतात. रोज एक. आधी एकदा ओठ हलवत हळू वाचायचं, मग परत वाचायचं आणि जिथे मन अडकेल तिथे थांबायचं, पुढे जायचं नाही, स्तोत्र पूर्ण झालं नाही तरी चालतं. त्या एका ओळीवर देवाशी बोलायचं, मग दोन-तीन मिनिटं गप्प, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना, हे आमच्या स्वर्गातील पित्या ही. बास.

उदाहरण देते. १३१ वं घे, तीनच वचनं. दावीद म्हणतो माझं मन मोठमोठ्या गोष्टींच्या मागे नाही, मी माझा जीव शांत केलाय, दूध तुटलेलं मूल आईजवळ असतं तसा. तू दोन पोरं वाढवलीस, तुला हे माझ्यापेक्षा ताजं आठवत असेल. अंगावर पिणारं मूल मांडीवर घेतलं की लगेच तोंड खुपसतं, चुळबुळ करतं, नाही मिळालं की आकांत. दूध तुटलेलं मूल पण येऊन मांडीवर बसतं, पण त्याला काही नको असतं, नुसतं टेकून बसतं, कधी तुझ्या बांगडीशी खेळतं. आपल्या प्रार्थना बहुतेक पहिल्या प्रकारच्या असतात, हे दे ते दे, फीचं बघ, प्रमोशनचं बघ, आणि त्यात वाईट काही नाही. पण कधी एखाद्या दिवशी या स्तोत्रावर बसशील तेव्हा काहीच मागू नकोस. पंधरा मिनिटं काही न मागता बसून बघ, फार अवघड जातं, मी सांगते ना.

नाइट शिफ्टच्या आठवड्यात १३० आणि १३४ घे. १३० मध्ये पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट बघतो असं आहे, तेच वाक्य लागोपाठ दोनदा, आणि ज्याने एमआयडीसीच्या गेटवर पहाटे चारचा सिक्युरिटीवाला पाहिलाय त्याला वेगळं समजवायला नको. १३४ तर रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभं राहून सेवा करणाऱ्यांसाठीच आहे. मिस्टरांना पाठव व्हॉट्सॲपवर, तीनच ओळी आहेत, मशीन लोड करता करता वाचतील.

आणि राग आलेला असेल, देवाचाच आलेला असेल, तर यातलं काही नको, सरळ स्तोत्र १३. पहिल्या दोन वचनांत चार वेळा किती काळ, किती काळ म्हणून विचारलंय. सहाच वचनं आहेत आणि शेवटी तो गायला लागतो, पण तू त्या दिवशी शेवटपर्यंत गेलीच पाहिजेस असं नाही, दुसऱ्या वचनाशी थांबलीस तरी ती प्रार्थनाच झाली.

आता काही जण म्हणतील की हे पुस्तकातलं वाचणं झालं, मनातून आलेली प्रार्थना पाहिजे. आपल्याकडे हा वाद जुनाच आहे, एका चर्चमध्ये छापील उपासना, दुसऱ्यात सगळे एकदम मोठ्याने. मला दोन्हीत जाऊन सवय आहे. पण ज्यांना तयार शब्द कमी दर्जाचे वाटतात त्यांना मी आपल्या शरणपूरचीच गोष्ट सांगते. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आफ्रिकेत वारले, आजच्या झांबियात, आणि सोबतच्यांना ते पलंगाशी गुडघ्यावर असलेले सापडले हे प्रवचनात आपण सगळ्यांनी ऐकलंय, बहुतेक वेळा आपल्याला लाज वाटावी म्हणूनच सांगतात. पण पुढचं सहसा सांगत नाहीत. त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली जेकब वेनराइटने, गुलामीतून सोडवलेला आफ्रिकन तरुण, जो नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये शिकला होता. रोज ज्या शरणपूर रोडवर आपण ट्रॅफिकला शिव्या देतो तिथला विद्यार्थी. इतकं मोठं दुःख, जंगल, पुढे मृतदेह घेऊन समुद्रापर्यंतची चाल बाकी, अशा वेळी त्याने काही स्वतःचे शब्द जुळवले नाहीत, शिकलेले शब्द वाचले. ती प्रार्थना खरी नव्हती असं कोण म्हणेल? डोकं रिकामं असतं त्या दिवशी दुसऱ्याचे शब्द घ्यायचे, आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा एखादा अभंग पाठ करून ठेव, चालीवर असल्याने ॲक्टिव्हावरसुद्धा मनात चालू राहतो.

मन भटकणार. सगळ्यांचं भटकतं, पाळकांचं पण. शेजारी एक वही ठेव, गॅसचा नंबर लावायचा आठवलं की लिही आणि परत ये, लढत बसू नकोस. मात्र एकच गोष्ट सारखी येत असेल, समजा जाऊबाईंचं बोलणं, तर ते भटकणं नाही, तोच त्या दिवशीचा विषय आहे, स्तोत्र बाजूला ठेव आणि त्याच्यावरच बोल.

मोडणार पण. सासूबाई हाक मारतील, बेल वाजेल, पोराची व्हॅन चुकेल. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्य दमून आलेत, जेवायला पण सवड नाही, प्रभू म्हणतो चला एकांतात जरा विसावा घ्या, नावेत बसून निघतात आणि किनाऱ्याला लागतात तर लोक त्यांच्या आधी धावत येऊन उभे. एकांत गेला. त्याने चिडचिड केली नाही, शिकवलं, पाच हजारांना जेवू घातलं, मग शिष्यांना नावेत बसवून पुढे पाठवलं, लोकांना निरोप दिला आणि संध्याकाळी एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेला. म्हणजे सकाळचं मोडलं तर तो दिवस वाया गेला असं धरायचं नाही, आणि सोडूनही द्यायचं नाही, रात्री झोपायच्या आधी पाच मिनिटं अंथरुणावर बसून तेच स्तोत्र. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून तीस मिनिटं मात्र नको, भरपाई करायला गेलं की आठवड्याभरात सगळंच बंद पडतं.

काही वाटत नाही, कोरडं वाटतं, हे पण होईल, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा वेळ वाढवायचा नाही, कमी पण करायचा नाही. एवढं मात्र बघ, की नुसती प्रार्थनाच नाही तर जेवण, झोप, पोरं कशातच मन नाही, रडू येतं, असं काही आठवडे चाललंय, तर तो प्रार्थनेचा प्रश्न नाही, डॉक्टरला दाखव आणि कोणाला अविश्वास वाटेल याची फिकीर करू नकोस.

तीन-चार महिन्यांतून एकदा अर्धा दिवस मिळाला तर बाहेर पड. तू प्रोटेस्टंट आहेस म्हणून नाशिकरोडच्या कॅथलिकांच्या बाल येशू मंदिरात जाऊन बसायला कोणी अडवत नाही, मी कित्येकदा बसलेय, फक्त फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी यात्रा असते तेव्हा सोडून, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. सोमेश्वरच्या बाजूला नदीकाठी वर्किंग डेला सकाळी शांत असतं, पण तिथे एकटी नको, मंडळीतल्या एखाद्या बाईला घेऊन जा आणि आधीच ठरवा की गप्पा परतीच्या रिक्षात.

शेवटी तू विचारलंयस की पोरांना सोबत बसवू का म्हणजे दोन्ही होईल. नको. संध्याकाळची कुटुंब प्रार्थना वेगळी, ती जेवणाआधी दहा मिनिटं घ्या, मोठ्याला वचन वाचायला दे, सासूबाईंना प्रार्थना करायला सांग, तूच सगळं करायचं असं नाही. गॅलरीतली वेळ तुझी एकटीची. सुट्टीच्या दिवशी धाकटी उठून आलीच तर हाकलू नकोस, पण पुस्तक बंद करून तिच्या दुधाच्या मागेही लागू नकोस, आई पाच मिनिटांत येते म्हण आणि घड्याळ दाखव. सासूबाईंना मात्र आधी विश्वासात घे, मी सव्वासात ते साडेसात गॅलरीत असते, तेवढा वेळ बेल वाजली तर तुम्ही बघाल का असं विचार, त्यांना विचारल्याचंच बरं वाटेल.